परदेशी निघालेल्या तांदळाची वरची मूठ

चांदे, बुधवार, सकाळ

तीर्थरूप साधनावन्संना धाकट्या भावजयीचा, शुभांगीचा, वाकून नमस्कार.

तुमच्या गुडघ्याला आता उतार असेल, गाय सुखरूप व्यायली असेल आणि आमच्या सासूबाई सोमवारी संध्याकाळी तुमच्याकडे मुठ्याला नीट पोचल्या असतील, असं धरून चालते. धरून चालायचं कारण, तुम्ही दोघीही माझा फोन उचलत नाही. तुमचे बंधुराज म्हणतात, "तुमा दोघींच्यात मी पडत न्हाई." (ते पलंग सोडून कुठंच पडत नाहीत.) म्हणून हे पत्र विश्रामभाऊंच्या दुधाच्या टेंपोतून धाडते आहे.

सुनेनं बारा बायकांदेखत अपमान केला, असं आईंनी तुम्हाला सांगितलं असेल. ते खरं आहे, मी नाही म्हणत नाही. पण त्याआधीचं त्यांनी सांगितलं नसणार. आमच्या बायकांच्या बचत गटाचा आंबेमोहर तांदूळ परदेशातल्या एका दुकानानं मागवला, हे तुम्हाला ठाऊक आहेच. सहाशे पाकिटं, प्रत्येकात एक किलो, पहिलीच ऑर्डर. त्यासाठी आम्ही पुण्यात तीन दिवसांचं निर्यातीचं प्रशिक्षण घेतलं. (तिथल्या बाईंनी सांगितलं होतं, कागदात आणि मालात केसाचाही फरक नको. आई पुढच्या रांगेत बसून मान हलवत होत्या. झोपेनं हलत होती हे आता कळतंय.) आठ महिने आम्ही तांदूळ निवडला, पाखडला, पुन्हा निवडला. गटातल्या जयानं कानातलं मोडून पाकिटं चिकटवायचं मशीन आणलं. शनिवारी माल गाडीत चढला तेव्हा आमच्यातल्याच कल्पनानं गाडीवरून नारळ ओवाळला, तो फुटेना, तेव्हाच मला समजायला हवं होतं.

सोमवारी सकाळी माल जहाजावर चढवून देणारे एजंट इंद्रजित यांचा फोन. तपासणीत दहा पाकिटं काढली, तर एकही एक किलोचं नाही. कमी असतं तर मी काट्याला शिव्या घातल्या असत्या. इथं सगळी जास्त, आणि प्रत्येक वेगळं. कागदावर सहाशे किलो आणि गाडीत सव्वासहाशेच्या वर. माल परत, आणि गुरुवारी दुपारी बारापर्यंत नीट करून दिला नाही, तर जहाज जाणार आणि ऑर्डरही. काटा तपासला, बरोबर. मशीन तपासलं, बरोबर. मग माझी नजर काटा आणि मशीन यांच्यामध्ये पाट टाकून बसणाऱ्या आईंवर गेली.

विचारलं तर त्या शांतपणे म्हणाल्या, "व्हय, मीच घालती. घरातलं धान्य दुसऱ्याच्या दारी जातंय, त्याच्यावर मूठभर घालू नये व्हय? काट्याला काटा मोजून वाणी देतोय. आमी काय वाणी हाय?" वन्सं, तुमच्या आईचा हात तुम्हाला माहीत आहे, मूठ कसली, ओंजळच ती. त्या क्षणी माझा तोल गेला. "तुमाला काय कळतंय, तुमच्यामुळं सगळ्यांचं कष्ट बुडालं," असं मी बोलून गेले. त्यांनी पिशवी उचलली आणि एसटीच्या थांब्याकडे चालू लागल्या. मी हाक मारायला हवी होती. मारली नाही.

तेव्हापासून आज पहाटेपर्यंत आम्ही पाकिटं कापत, मोजत, चिकटवत होतो. कापल्यामुळं सगळी अर्धा इंच बुटकी झाली आहेत. कुणी धड जेवलेलं नाही, जया कुणाशी बोलत नाही. बाकी सगळं ठीक.

आपली नम्र,
शुभांगी

ता. क. एक राहिलंच. नवे कागद झाले आहेत, पण निर्यातीचा परवाना आईंच्या नावावर आहे. (वडीलधारं नाव असावं, असं आम्हीच ठरवलं होतं.) त्यांची शाईची सही उद्या बाराच्या आत लागते. मी आणि कल्पनानं वहीत त्यांची सही गिरवून पाहिली. पाप लागेल ते लागो म्हटलं, पण तसा वाकडा हात आमच्यापैकी कुणाचा नाही. तर आईंना आजच्या आज कसंही करून पाठवून द्या.

ता. क. २. पत्र तुम्ही त्यांना मोठ्यानं वाचून दाखवणार, हे मला माहीत होतं. म्हणून वर जे लिहिलं ते त्यांनाच लिहिलं. आई, मी चुकले. बायकांदेखत बोलले, बायकांदेखतच माफी मागेन.

ता. क. ३. आई, सही करण्याआधी तुम्हाला एक कळायला हवं, कारण कागदावर नाव तुमचं आहे. पहाटे पाचशे नव्व्याण्णव पाकिटं काट्यावर बरोबर केली. शेवटचं राहिलं. ते मोजलं, आणि चिकटवायच्या आधी माझाच हात पोत्यात गेला आणि मूठ वर पडली. मशीन दाबल्यावर मला कळलं. तोवर जयानं ते जागा दिसली त्या खोक्यात भरलं, खोकी एकावर एक चढली, आणि आता ते कुठलं हे मला ओळखता येत नाही. बायकांना अजून सांगितलेलं नाही. सही करायची की सगळी खोकी पुन्हा फोडायची, हे तुम्ही सांगा. आणि मला ओरडायचं असेल तर इथं येऊन ओरडा.