घशाचं निमित्त

१३ मार्च १९५५, रविवार

एमेट स्वयंपाकघरात पडला. पॅन खाली, अंडी त्याच्या बुटांवर, आणि तो ओट्याला धरून हळूहळू घसरत गेला. मी ओरडले, "काय होतंय?" तर म्हणाला, "चमचा." परत विचारलं. "चमचा! चमचा!" — रागावून, जणू मीच बहिरी.

डॉक्टर येऊन गेले. मेंदूत रक्ताची गाठ. उजवा हात गेला. पाय ओढत चालेल कदाचित. वाचेचं विचारलं तर बॅग बंद करत म्हणाले, "वाट बघायची, मिसेस कोव्हिल." हॉस्पिटलात हलवायचं म्हणाले तेव्हा एमेटने डाव्या हाताने पलंगाची दांडी धरली. सोडेचना.

आता झोपलाय. ओठ एका बाजूला ओघळलेत.

आणि त्याचा सिनेमा निम्माच झालाय.

१४ मार्च

सकाळीच लस्टिगचा फोन. निर्माता तो, त्याला झोप कुठली! "कुठाय तो म्हातारा? सगळे सेटवर खोळंबलेत. लोरेन तर मेकअप करून बसलीय."

माझ्या तोंडून निघून गेलं, "घशाचं ऑपरेशन झालं. गाठ होती. अचानक करावं लागलं."

"अरे देवा. बरा आहे ना?"

"बरा आहे. महिनाभर बोलायचं नाही, एवढंच."

"एमेट आणि बोलायचं नाही! तुला तर सुट्टीच की, वर्ना," म्हणाला आणि हसला. आठवडाभर शूटिंग थांबवलं.

इतकं सरळ खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते. पण खरं सांगितलं असतं तर दुपारपर्यंत दुसरं कुणी त्याच्या दिग्दर्शकाच्या खुर्चीत बसलं असतं. टीव्हीवर नाटकं बसवणारा तो लाल मोज्यांचा मुलगा टपूनच आहे.

१५ मार्च

त्याला विचारलं. उशीशी बसून स्पष्ट विचारलं — "एमेट, देऊन टाकूया का सिनेमा? दुसरा कुणी पुरा करील." डोळ्यांतून घळाघळा पाणी. आवाज नाही. वीस वर्षांत या माणसाला रडताना पाहिलं नव्हतं.

कॅन्सस सिटीत पोलीस कोर्टाचा बातमीदार होता. कुणी बायकोला का मारलं, कुणी तिजोरी का फोडली, रोज तेच लिहायचं. मग इकडे आला. आधी दुसऱ्यांची स्क्रिप्टं सावरली, मग स्वतःचे सिनेमे — स्वस्त, झटपट, मोठ्या सिनेमाच्या जोडीला दाखवायचे. सगळे गुन्ह्यांचे. लोक म्हणतात, कोव्हिलला रक्ताची आवड. काय माहीत आहे त्यांना! सेटवर पिस्तुलाचा बार झाला की हा मागे जाऊन भिंतीला टेकून उभा राहायचा. म्हणायचा, "मारताना मला दाखवायचंच नाही. मारून झाल्यावर माणूस हात कुठे ठेवतो, ते दाखवायचं."

गोदीवरच्या एका सिनेमाचं तेवढं नाव झालं. मग घरोघर टीव्ही आले आणि याचा फोन वाजायचा थांबला. चार वर्षं घरी बसला. हा सिनेमा त्या चार वर्षांत लिहिलाय. बँकेत कॅशियर असलेली बाई, आणि नवऱ्यासाठी ती तिजोरीची चावी चोरते. बस, एवढंच. "शेवटचा एक धड करू दे," म्हणायचा.

नाही देणार कुणाला.

१७ मार्च

टिबोर आला होता, गुलाशचं, त्याच्याकडच्या मांसाच्या रश्श्याचं, भांडं घेऊन. एमेटच्या सगळ्या सिनेमांना कॅमेरा त्याचाच. त्याच्यापासून लपवणं शक्यच नव्हतं. खोलीत गेला, एमेटचा गार पडलेला हात दोन्ही हातांत घेऊन बसला. हंगेरियनमध्ये काहीतरी पुटपुटत होता, शिव्या असाव्यात.

स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "तू त्याच्या शेजारीच बसतेस सेटवर."

"मागच्या शॉटला सिगरेट कुठल्या हातात होती ते मी लिहून ठेवते, टिबोर. तेवढंच माझं काम."

"आजपर्यंत. आता तो खुणा करील, तू सांगायचं, मी करायचं. गळ्याला मफलर गुंडाळ त्याच्या. जाड बघून घे."

"आणि खुणा कळल्या नाहीत तर?"

टिबोरने गुलाशचं झाकण काढलं. "हे गरम असतानाच भरव त्याला," म्हणाला.

२१ मार्च

पहिला दिवस निभावला!

लवकर नेऊन खुर्चीत बसवलं, सगळे यायच्या आत. मफलर, टोपी, मांडीवर पांघरूण. लोक लांबूनच हात करत होते. घशाचं ऑपरेशन झालेल्या माणसाशी कुणी बोलायला जात नाही, हे किती बरं! एमेट सावध होता. डावा हात वर — हवं तसं झालं. हात मांडीवर आपटला — पुन्हा. मी कानाशी वाकायची आणि टिबोरला सांगायची. लोरेन म्हणाली, "मिस्टर कोव्हिल, तुम्ही गप्प असता तेव्हा जास्त भीती वाटते बाई!"

तो हसला. अर्ध्या तोंडाने. मफलरने झाकलं.

२३ मार्च

आज नव्हताच तो तिथे. सेटच्या छताला एक कबूतर अडकलं होतं, दिवसभर त्याच्याकडे बघत बसला. टिबोर विचारतो, कॅमेरा कुठून? मी कानाशी वाकले. काही नाही. नुसता श्वास. सगळे माझ्याकडे बघतायत.

मी म्हटलं, "दारातून. आणि लोरेनने दार उघडायच्या आधी हात पुसायचे."

केलं तसं. छान झालं. मग पुढचा शॉट, मग त्याच्या पुढचा. दुपारी जेवताना लक्षात आलं — मी गुणगुणत होते!

मजा आली मला. हे लिहायला लाज वाटते. तो तिथे कबूतर बघत होता आणि मला मजा आली.

२५ मार्च

लस्टिग सेटवर. हातात पास्ट्रामीचं सँडविच, मोहरीची चटणी टायवर सांडलेली. सरळ एमेटसमोर खुर्ची ओढून बसला.

"काय रे म्हाताऱ्या, बोल की!" आणि स्वतःच मोठ्याने हसला. एमेट नुसता बघत राहिला. लस्टिग खात खात बोलत सुटला — टीव्हीवाले, पोटाची तक्रार, मुलीचं लग्न. मधेच मला म्हणाला, "वर्ना, पाणी दे गं." मी पाणी आणायला गेले. परत आले तर लस्टिग सँडविच बाजूला ठेवून एमेटचं घसरलेलं पांघरूण वर ओढत होता.

"घसा जप त्याचा," मला म्हणाला, आणि गेला.

सुटले! काही कळलं नाही त्याला.

२९ मार्च

आजचा दिवस विसरायचा नाही.

लोरेनचा मोठा प्रसंग. नवरा आपल्याला टाकून पळाला हे तिला खानावळीत कळतं. मी कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर लावायला सांगितला. लोरेन रडली. चांगली रडली. परत केलं, परत रडली. टिबोर म्हणाला, ठीक आहे. मी म्हणाले, ठीक आहे. पण सगळ्यांना कळत होतं की नाही जमलं. आणि काय नाही ते मला सांगता येईना.

तेवढ्यात खुर्ची करकरली. एमेट उठला. आपला आपण! पाय फरशीवर घासत लोरेनपर्यंत गेला. कुणी हललं नाही. तिच्या खांद्याला धरून त्याने तिला फिरवलं — पाठ कॅमेऱ्याकडे, तोंड भिंतीकडे. मग टेबलावरची मिठाची बाटली उचलून तिच्या हातात दिली आणि तिची बोटं त्याभोवती मिटवली.

बस. तसाच घेतला शॉट. नुसती पाठ, आणि मिठाची बाटली घट्ट धरलेला हात. संपल्यावर दिवे धरणारा धिप्पाड माणूस नाक शिंकरत होता.

मी शंभर वर्षं बसले असते तरी मला हे सुचलं नसतं.

घरी येताना गाडीत त्याने डोकं माझ्या खांद्यावर टाकलं. "चमचा," म्हणाला. हो रे, म्हटलं, चमचा.

१ एप्रिल

सॅन पेद्रो बंदराचा धक्का. शेवटचा प्रसंग, शेवटचा दिवस. धुकं, गार वारा. एमेटला गाडीतून उतरवता आलं नाही. कालपासून तब्येतीला उतरणच लागलीय, काही गिळत नाही नीट. दोन पांघरुणं घालून मागच्या सीटवर झोपवला.

स्क्रिप्टमध्ये बाई धक्क्यावरून पळते, पोलीस गोळी घालतात. पोलीस उभे होते, पिस्तुलं भरून. लोरेन पळाली. सरावाला. आणि मला ते बघवेना. इतका वेळ आम्ही सिनेमातल्या या बाईबरोबर राहिलोय, ती दमलीय. ती पळणार नाही.

लोरेनला म्हटलं, "पळू नकोस. त्या खोक्यावर बस. बूट काढ. त्यांची वाट बघ."

टिबोर जवळ आला. हळूच म्हणाला, "एमेटने गोळी लिहिलीय."

"माहितीये."

"त्याला विचारलंस?"

मी गाडीकडे बघितलं. काच धुक्याने भरलेली. "झोपलाय तो."

टिबोरने टोपी कानांवर ओढली. मग कॅमेऱ्याकडे वळत म्हणाला, "लवकर सांग तर. उजेड चाललाय."

११ जून

सिनेमा जोडून झाला. एमेटला दाखवायला नेलं. मध्येच डुलकी लागली त्याला. शेवट पाहिलाच नाही. मला बरंच वाटलं.

९ सप्टेंबर

लागला सिनेमा. आणि पेपरात चक्क मोठा मजकूर! दुसऱ्या दर्जाच्या सिनेमावर कोण लिहितं एवढं! आनंदाच्या भरात त्याच्या पलंगावर बसून मोठ्याने वाचत सुटले. "कोव्हिलच्या सिनेमात माणसं आजवर गोळीने मरत आली. या वेळी त्याची नायिका बूट काढून बसते, आणि इतक्या वर्षांत प्रथमच त्याच्या हाताला माया सुटलेली दिसते."

वाचलं आणि जीभ चावली. एमेट माझ्याकडे बघत होता. कबूतर बघणारे डोळे नव्हते ते. सगळं, सगळं कळत होतं त्याला.

भिंतीकडे तोंड करून झोपला. मिठाच्या बाटलीबद्दल पेपरात एक अक्षर नाही. पुन्हा पुन्हा शोधलं.

१० सप्टेंबर

ताट फेकलं त्याने. डाव्या हाताने, होती नव्हती ती ताकद लावून. "चमचा!" ओरडला. आज पहिल्यांदा मला त्या शब्दाचा अर्थ नीट कळला.

मटार वेचत बसले जमिनीवर. रडले नाही. रडायचा हक्क त्याचा आहे.

११ सप्टेंबर

बोलत नाही. म्हणजे, बघत नाही.

१४ सप्टेंबर

दाढी करत होते त्याची. इतके दिवस मान फिरवून घ्यायचा, आज हनुवटी वर केली आपणहून. फेस पुसून झाल्यावर टेबलाकडे खूण केली. पाणी दिलं, नको. चष्मा दिला, नको. पेपर दिला, तो धरला.

त्या मजकुरातल्या "कोव्हिल" या नावावर बोट ठेवलं. मग तेच बोट माझ्या छातीवर टेकवलं. जोरात. दुखलं.

हा आरोप होता की त्याने मला काही दिलं? विचारायची सोय नाही. मी ते बोट धरून बसले, आणि त्याने धरू दिलं.

२६ सप्टेंबर

सूपसुद्धा नको म्हणतो. टिबोर येऊन शेजारी बसतो, दोघं खिडकीबाहेर बघतात. आज उन्हात खुर्ची ठेवली होती. टिबोरने त्याच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून उभं राहून सावली धरली, कितीतरी वेळ.

३ ऑक्टोबर

एमेट सकाळी गेला. मी चादर बदलत होते.

डॉक्टर गेले आणि फोन वाजला. लस्टिग. खुशीत होता — सिनेमा चाललाय, वरच्यांना आणखी एक हवाय, जानेवारीत सुरू करायचा. मी म्हटलं, "एमेट गेला, लस्टिग. आत्ताच."

खुर्ची सरकल्याचा आवाज. "फार वाईट झालं, वर्ना," म्हणाला. आणि पुढे, "जानेवारीच्या तारखा मग तुझ्या सोयीने धरू."