रिकाम्या बशीवरची फुंकर

अब्बा, आज दवाखान्यात तिसगावकडचा एक पिंजारी आला होता. बाकावर बसला तो अगदी तुमच्यासारखा, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, खांदे कानांपर्यंत चढलेले, टोपीच्या शिवणीत कापसाचे तंतू. डॉक्टरांनी इफेड्रिनची गोळी लिहून दिली. लढाई संपली तरी ती अजून मोजकीच मिळते. गोळी देताना मी त्याला म्हटलं, "घाई करू नका. गरम चहावर घालता तशी फुंकर घाला, हळू आणि लांब." दोन-चार फुंकरांनी त्याचे खांदे जरा खाली आले. मग विचारतो, "कंपाउंडरसायब, हे कोन्या पुस्तकात हाय?" मी पुड्या बांधत राहिलो.

तुमच्याबरोबर गावोगाव हिंडलेले ते दिवस मला आवडत नव्हते, हे तुम्हाला ठाऊक होतं. कुणाच्या तरी घरातली खोली. दार लावलेलं, खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबलेल्या, कारण वारा लागला की पिंजलेला कापूस उडतो आणि घरधनीण बोलते. कापूस पिंजायच्या धनुकलीची तात टणटणतेय, जुन्या गादीची धूळ कौलांतून आलेल्या उन्हाच्या तिरिपेत फिरतेय. तोंडाला फडकं बांधा म्हटलं की तुम्ही म्हणता, "मग गिऱ्हाइकासंगं बोलू कसा? मुका पिंजारी कोन बोलावतो?" चाळीस वर्षं तुम्ही लोकांचा कापूस उडू दिला नाहीत आणि धूळ तेवढी स्वतःच्या छातीत ठेवून घेतलीत.

मी नगरला आलो, या दवाखान्यात बाटल्या धुता धुता त्यांच्यावरच्या चिठ्ठ्यांवरून इंग्रजी शिकलो. चौथीपुढे शाळा नाही, पण औषधाचा एक थेंब माझ्या हातून कमी-जास्त होत नाही. हे मी आजही चारचौघांत सांगतो.

आणि तेव्हाही सांगत होतो. म्हणूनच तो दिवस घडला. तुम्ही सर्व्हिस मोटारीने आला होतात, दवाखान्याच्या बाकावर बसला होतात. समोरच्या हॉटेलातला चहा पिऊन झाला तरी बशी तोंडाशी धरून तुमचं फुंकणं चालूच. लोक बघत होते, मला लाज वाटली.

"अब्बा, चहा संपलाय. बशी ठेवा खाली आणि श्वास आत ओढा, जोरात."

"आत लई हाय रे. भाइर निघंना."

शेजारी बसलेली एक शेतकरीण म्हणाली, "आवो सायब, छाती त्येंची हाय, त्येंना ठावं असंल की." सगळा बाक हसला.

मी म्हणालो, "हवा आत जात नाही म्हणून दम लागतो. मी पुस्तकात वाचलंय."

तुम्ही बशी खाली ठेवलीत. त्यानंतर मी समोर असलो की तुम्ही डोळे मोठे करून हवा आत ओढत राहायचात, आणि दम आणखीच चढायचा. दोन हिवाळे तसे काढलेत.

तुम्ही गेल्यावर सहा वर्षांनी डॉक्टरांच्या जाड पुस्तकातलं दम्याचं प्रकरण मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं. श्वासनळ्या सुजतात, आवळतात, त्यात चिकट कफ अडकतो. आत घेताना त्या जरा रुंदावतात, बाहेर सोडताना मिटतात. जुनी हवा फुफ्फुसात कोंडून राहते आणि नव्या हवेला जागाच उरत नाही. आत लई हाय. गोळीने किंवा सुईने नळ्या काही तास सैल पडतात, पण वर्षानुवर्षांच्या धुळीने केलेलं पुसलं जात नाही. फुंकरीचं मात्र त्यात अवाक्षर नव्हतं. ती मी तुमच्यावरून घेतली. त्या पिंजाऱ्याला एवढं सांगायला काय हरकत होती?

घरी सांगायला कुणी नाही. अम्मा तुमच्या मागोमाग गेली, तुमची सून गेल्या वर्षी. संध्याकाळी चहा करतो तो अजून दोन कपांचा होतो. दुसरा निवत पडतो, त्याला फुंकर लागत नाही.

हा कागद घडी करून त्याच पुस्तकात ठेवतो आहे. एक राहिलं. त्या प्रकरणाची पानं छापखान्यातून आली तशी कडेने जोडलेलीच होती, वाचण्याआधी मला ती चाकूने कापावी लागली. म्हणजे त्या दिवशी बाकासमोर वाचलंय म्हणालो, तेव्हा मी ते पान उघडलेलंही नव्हतं.