कोर्ट उठेपर्यंत

४ ऑगस्ट, सोम.
दादा दोषी ठरला. गोरेगावच्या साइटवरची तांब्याची वायर त्यानेच नेली. मला त्याने आधीच सांगितलं होतं, तेव्हा इथे वेगळं लिहीत नाही. पोलीस घेऊन जाताना म्हणाला, "आईची गोळी आज संपते, आण."

शिक्षा किती, यावर कोर्ट १४ला ऐकणार. वकीलबाई (सरकारी मदतीतल्या, चांगल्या आहेत) म्हणाल्या, अडचण जुन्या शिक्षेची. आधी चोरीत शिक्षा झालेली असली की मॅजिस्ट्रेट जास्त देऊ शकतात. द्यायलाच हवी असं नाही. त्यांच्यावर आहे.

५ ऑगस्ट
जुनी शिक्षा. लिहूनच काढते.
मी चौदाची. दादा कांदिवलीला मोबाइलच्या दुकानात. एक फोन गेला, आळ दादावर आला. तो म्हणे, मी नाही घेतला. पण लढायचं तर तारखा पडणार, आणि गणपती चार दिवसांवर. बाबा त्याच वर्षी गेलेले. गावच्या घरात मूर्ती आणायला दुसरं कोणी नाही. मीच म्हटलं, "'हो, घेतला' म्हणून टाक ना. गणपती कोण आणणार?"
त्याने गुन्हा कबूल केला. दंड, आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे संध्याकाळपर्यंत मागच्या बाकावर बसायचं. मी डबा घेऊन शेजारी. हसत होतो दोघं. तिथून थेट एसटी.

७ ऑगस्ट
वकीलबाईंना सांगितलं. जुना निकाल आता बदलत नाही म्हणाल्या, पण शिक्षा ठरवताना मॅजिस्ट्रेट मॅडम हेही ऐकू शकतात. उलटही होईल. तेव्हा कोर्टात खोटं बोलला, असं.
म्हणजे मी बोलले तरी वाट लागायची ती त्याचीच.

९ ऑगस्ट, शनि.
मॅडमना अर्ज लिहायला घेतला. "माझ्या भावाने तो फोन घेतला नव्हता." थांबले. मला काय माहीत? त्याने सांगितलं, मी मानलं.
शाळेत जायच्या आधी दादानेच लिहायला शिकवलं, ओट्याखाली बसवून. चुकलेलं काळं करू द्यायचा नाही. एक रेघ मार, बाजूला बरोबर लिही, चूक दिसू दे.
रेघ मारली. बाजूला: हो म्हण, असं मी त्याला सांगितलं. गणपतीसाठी.
आईला वाचून दाखवलं. "वायरीचा पण लिव गो. अर्धा खरा घेवन जाव नको."
लिहिलं.

१४ ऑगस्ट
वकीलबाई म्हणाल्या, खाडाखोड कशाला, फेअर कर. नाही केलं.
मॅडमनी दादाला विचारलं, आधीची शिक्षा कबूल आहे? हो म्हणाला. मग वकीलबाईंनी माझा कागद दिला. त्याला माहीत नव्हतं. लहानपणी मी रस्त्यात हात सोडला की बघायचा, तसा बघितला. "मॅडम, ती लहान होती. 'हो' मी म्हणालो."
त्यांनी कागद दोनदा वाचला. ही ओळ का खोडली, मला विचारलं.
"मला नक्की माहीत नाही म्हणून."
त्यांनी काहीतरी टिपून घेतलं. चेहऱ्यावरून काही कळलं नाही. ऑर्डर सोमवारी.

१८ ऑगस्ट, सोम.
अकराला कोर्ट. गणपती नऊ दिवसांवर. आईला म्हटलं, यंदा मूर्ती मी आणते. दादाला आज तेच पहिलं सांगणार, कसली घाई नाही म्हणून.
आई भाकऱ्या थापत होती. "पाट जड आसता," एवढंच म्हणाली.
डबा दोघांचा भरलाय. कोर्टात देऊ देतात का, बघू.