सुनेचा काही दोष नाही, असा दाखला मिळणेबाबत

प्रति,
मा. डॉक्टर साहेब,
लहान मुलांच्या वाकड्या पावलांचा विभाग (दर बुधवार),
सरकारी दवाखाना, लातूर.

अर्जदार : धोंडाबाई शेषेराव सूर्यवंशी, धंदा शेती, ता. लोहा, जि. नांदेड.

विषय : नात चि. रेणुका हिची पावले वाकडी निघाली, यात तिच्या आईचा दोष नसल्याचा दाखला मिळणेबाबत.

संदर्भ : गेल्या बुधवारी आपण तोंडी सांगितलेले.

महोदय,

१. अर्जदार सविनय सादर करते की, अर्जदाराची सून सौ. दीपमाला हिला पाचवा महिना असताना सोनोग्राफीत बाळाची दोन्ही पावले आत वळलेली दिसली. आपण तेव्हाच समजावले होते, की पाठीचा कणा व बाकी सर्व ठीक आहे, नुसती पावले आहेत. अशी बहुतेक बाळे प्लास्टर व बुटांनी नीट चालती होतात, एखाद्याची पावले तर जन्मताना सरळच निघतात. अर्जदाराच्या मुलाने, वैजनाथने, मान डोलावली. अर्जदारानेही ऐकले, पण ते मनात उतरले नाही.

२. कारण, त्याच्या थोडे आधी, दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी ग्रहण होते. गरोदर बाईने ग्रहणात चिरू-कापू नये, पाय दुमडू नये, असे आमच्याकडे पाळतात. अर्जदाराने सुनेला आतल्या खोलीत घोंगडीवर पाय पसरून बसवले व स्वतः उंबऱ्यात राखणीला बसली. "आत्याबाई, पायाची लाकडं झाली बघा," असे ती म्हणाली, तर अर्जदार म्हणाली, "होऊ दे, हलू नको." दिवस बुडेपर्यंत पोरीने पायाचे बोटसुद्धा दुमडले नाही. याला अर्जदार एकटीच साक्षीदार आहे.

३. पुढे ओटीभरणाच्या दिवशी, भरल्या बायकांत, शेजारच्या उमाबाईंनी विचारले, "तुमच्या घराण्यात हाय का असं कुणाला?" सगळ्यांच्या नजरा अर्जदाराकडे वळल्या. घराण्याचे नाव राखायला अर्जदाराच्या तोंडून गेले, "आमच्यात न्हाई बाई. हिनंच ग्रहणात पाय दुमडला असंल." सुनेच्या अंगावर हिरवे लुगडे, ओटीत तांदूळ, नारळ. तिने एकदा वर पाहिले. "तुम्हीच तर उंबऱ्यात होता" एवढे ती म्हणाली असती तर सगळे तिथेच मिटले असते. ती तेव्हा म्हणाली नाही, आजवर म्हणाली नाही.

४. बाळ झाले. कणकेच्या दिव्याची कड वळवावी तशी आपण दर बुधवारी बाळाची पावले हळूहळू वळवलीत, प्लास्टरे घातलीत, आणि पावले सरळ आली. मग दांडीने जोडलेले बूट दिलेत. ते आधी रात्रंदिवस व पुढे नात चार वर्षांची होईपर्यंत झोपेत घालायचे, सोडले तर पाय पुन्हा आत वळतील, असे बजावलेत. अर्जदाराने त्या दांडीला घुंगरू बांधले व पाळण्यापाशी म्हटले :

बुटाच्या दांडीला मी बांधिलं घुंगरू
चाल गं रेणुकाबाई, जसं वाटंचं कोकरू

५. पंचमीला सून रेणापूरला माहेरी गेली. अर्जदाराचे बोलणे तिच्या आधीच तिथे पोचले होते. बाळ बघायला बाया येतात, बूट बघतात आणि हसून विचारतात, "काय गं दीपे, ग्रहणात काय कापलंस?" म्हणून कुणाची चाहूल लागली की सून बूट काढून गोधडीखाली सारते, आणि दिवसभर कुणी ना कुणी येतच असते. अर्जदार फोन लावते. नातीचे खिदळणे ऐकू येते, घुंगरू नाही. "बूट?" म्हणावे, तर, "हाव आत्याबाई, आत्ताच काढलेत." दर वेळी आत्ताच. गेल्या बुधवारी आपणच म्हणालात, डावे पाऊल पुन्हा आत वळले आहे, आणि यात दोष कुणाचाच नाही. सून तेव्हा आपल्याकडे पाहत नव्हती. अर्जदाराकडे पाहत होती.

६. अर्जदाराने रेणापूरला जाऊन सर्वांसमोर माफी मागितली. विहीणबाईंनी चहा दिला. पाठ फिरताच आतून ऐकू आले, "म्हातारी सून न्यायला गोड बोलायली." म्हणजे अर्जदाराचे वाईट बोलणे दोन जिल्ह्यांना खरे वाटले, चांगले मात्र एका घरालाही वाटेना. तरी आता सही-शिक्क्याचा दाखला द्यावा, ही विनंती. एक प्रत आमच्या मारुतीच्या देवळातल्या भोंग्यावर वाचण्यासाठी, एक रेणापूरच्या पाळण्यावर टांगण्यासाठी.

७. असा दाखला नियमात बसत नसेल, तर आपल्या केसपेपरवर 'कारण' यापुढे 'निश्चित सांगता येत नाही' असे आहे. साहेब, जागा मोकळी दिसली की लोक तिथे बाळाच्या आईचे नाव घालतात. लोकांना एक नाव लागतेच. तरी तिथे ग्रहण नको, सून नको, 'धोंडाबाई शेषेराव' असे ठळक लिहावे. अर्जदाराची काहीएक हरकत नाही.

८. पुढच्या आठवड्यात महालक्ष्म्या बसतात. दारापासून आतपर्यंत कुंकवाची पावले काढायची असतात. मूठ टेकवावी, वर बोटे उमटवावीत, झाले पाऊल. काल सवयीने एक काढून पाहिले. मुठीचे पाऊल आतल्या अंगाला वाकडेच उमटते, हे एवढ्या वर्षांत अर्जदाराला दिसले नव्हते. त्याच पावलांनी लक्ष्मी दर वर्षी घरात आली, आणि तिच्या आईचे काय चुकले, असे कुणी विचारले नाही.

येत्या बुधवारी सून बाळाला घेऊन येईल. अर्जदार बाहेरच्या बाकावर बसेल, बोलावल्याशिवाय आत येणार नाही.

आपली उपकृत व अपराधी,
धोंडाबाई शेषेराव सूर्यवंशी
(निशाणी डावा अंगठा. अर्ज पुतणी रूपाली हिने लिहून वाचून दाखवला.)

दि. ११ सप्टेंबर २०२३

सोबत :
१) केसपेपरची झेरॉक्स.
२) घुंगरू, नग एक. आधीचे काढून टाकले असल्यास आपल्या हाताने दांडीला बांधावे. कुणी दिले ते सांगू नये.