बारा पंच आणि नांदेडचे तज्ज्ञ

काचीगुडा, हैदराबाद
मंगळवार

तीर्थस्वरूप एकनाथराव दाजींच्या चरणी काचीगुड्याच्या मुकुंदाचा शिरसाष्टांग नमस्कार.

(मागच्या पत्रात मी ‘तीर्थरूप’ लिहिलं होतं. ते फक्त आईवडिलांना लिहितात असा शेरा मारून, लाल शाईने दुरुस्त करून आपण ते पत्र मला परत पाठवलंत. मराठीच्या मास्तरकीतून आपण निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली असं कुसुमताई सांगते, पण पोस्टमनला ते पटत नसावं.)

आपला गुडघा आता कसा आहे? ताईचं ब्लडप्रेशर बरं असेल. आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं तर सुनीता खुशाल आहे, मी नाही. फोनच केला असता, पण आपल्याकडे फोन ताई उचलते, स्पीकरवर ठेवते आणि दिवस मावळायच्या आत माझी फजिती परभणीपर्यंत पोचते. म्हणून हे पत्र. वाचून झाल्यावर ताईच्या हाती पडू देऊ नये.

दाजी, माझं काम आपल्याला ठाऊक आहे. बालानगरच्या टूलरूममध्ये ग्राइंडिंगच्या मशीनवर मी एकतीस वर्षं उभा आहे. वर चाक फिरतं, खाली पोलाद सरकतं, आणि केसाच्या जाडीहूनही कमी घासून मी ते मापात आणतो. आजवर माझ्या चाकाखालून एकही तुकडा बिघडून गेला नव्हता. (हे वाक्य मी इतक्या लोकांना इतक्या वेळा ऐकवलं आहे, की कँटीनवाला मी तोंड उघडलं की ते पुरं करतो.) गेल्या महिन्यात आमचे रेड्डीसाहेब कुठल्याशा प्रदर्शनात गेले आणि नव्या जातीचं पोलाद घेऊन आले. पत्र्याला भोकं पाडायचे बारा पंच करायचे होते. हे पोलाद साध्या पंचाच्या चौपट टिकतं, असं विकणाऱ्याने त्यांना सांगितलं. ते खरंच टिकतं. माझ्यापुढेही टिकलं.

आमच्याकडे रेणू नावाची नवी इंजिनिअर आली आहे, दिलसुखनगरची, आपल्यातलीच. घरी मराठी बोलतात, पण शिक्षण सगळं इंग्रजीत. पंच माझ्या टेबलावर आले त्या सकाळी ती हातात छापील कागद घेऊन आली आणि म्हणाली, “काका, हे तुमच्या नेहमीच्या पांढऱ्या चाकाने नाही घासलं जाणार. ह्याच्यात व्हॅनेडियम लई आहे.” मी विचारलं, “बाळ, तुला इथे येऊन किती दिवस झाले?” ती म्हणाली, “अकरा.” मी म्हटलं, “मला एकतीस वर्षं.” ती “हौ” म्हणून निघून गेली. (तिचं म्हणणं असं होतं: पोलादात व्हॅनेडियम फार असलं की आत त्याचे बारीक बारीक कण तयार होतात, आणि ते कण आमच्या चाकातल्या खड्यांहूनही कडक असतात. म्हणजे चाकाने पोलाद घासायचं सोडून पोलादच चाकाला घासतं. दोन पोलादं हाताला सारखीच कडक लागली तरी एक मुकाट घासलं जातं आणि दुसरं जन्मात नाही, ते ह्यामुळे. हे मला आता समजतं. तेव्हा मला एवढंच दिसलं की माझ्या मुलीच्या वयाची मुलगी मला चाक शिकवते आहे.)

पहिला पंच लावला. तासभर ठिणग्या उडाल्या, समाधान वाटलं. माप घेतलं तर पंच होता तिथेच आणि चाक मात्र झिजलेलं. हिऱ्याच्या टोकाने चाक पुन्हा सरळ केलं, पुन्हा लावलं, पुन्हा तेच. तीन दिवसांत दोन चाकं संपली आणि पंच तसेच मख्ख. मग मी आजवर दुसऱ्या कुणाला करू दिलं नव्हतं ते केलं, जोर लावला. पोलाद तापलं, त्यावर निळसर डाग चढले, आणि गार झाल्यावर बघतो तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा. एक नाही, तीन पंचांवर. ते तीन पंच मी फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवले आणि त्या दिवशी डबा न उघडता घरी नेला. सुनीताने विचारलं तर पोट बिघडलंय म्हणालो. तिने ओव्याचं पाणी दिलं, तेही मुकाट प्यालो.

चौथ्या दिवशी साहेबांनी कपाट उघडलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. नुसते म्हणाले, “मुकुंदराव, आप परेशान नक्को होना. ग्राइंडिंग अब बाहर से करा लेंगे, ये मशीन निकाल देंगे.” दाजी, माझ्या निवृत्तीला दोन वर्षं आहेत. मशीन गेल्यावर मला बसवणार कुठे, गेटवर? जेवायच्या सुट्टीत मी सिमेंटच्या कट्ट्यावर बसलो होतो. रेणू बँकेत गेली होती. आत गेलो तर तिचा तो कागद तिच्या टेबलावर उघडाच पडला होता. त्यावर तिने पेनाने सगळं लिहून ठेवलं होतं: कुठलं चाक मागवायचं (हिऱ्याच्या खालोखाल कडक अशा दाण्यांचं असतं ते), एका वेळी किती कमी घासायचं, पाणी कसं सोडायचं. मी ते बसच्या तिकिटामागे उतरवून घेतलं आणि साहेबांकडे गेलो.

साहेबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “ये किसने बताया?” समोरच्या काचेतून रेणू परत येताना दिसत होती. दोनच अक्षरं होती, दाजी. ती माझ्या तोंडून निघाली नाहीत. मी म्हणालो, “हमारे दाजी ने. नांदेड में रहते. स्टील के बड़े जानकार हैं.”

नवं चाक आलं. राहिलेले नऊ आणि नव्याने केलेले तीन, असे बाराही पंच एका आठवड्यात मापात उतरले. मशीन राहिलं, मी राहिलो, साहेबांनी पेढे वाटले. रेणू पंच हातात फिरवत म्हणाली, “तुमच्या दाजींनी अगदी माझ्या कागदावरचंच सांगितलं की.” टोमणा होता की कौतुक, तिच्या चेहऱ्यावरून कळेना. त्या दिवसापासून डबा रोज न उघडताच घरी परत जातो, आणि आता सुनीताही ओव्याचं पाणी देऊन थकली आहे.

ताईला नमस्कार. शुद्धलेखनाच्या चुका पदरात घालाव्यात, परत पाठवू नयेत.

आपला मेहुणा,
मुकुंद

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. रेणू मावसबहिणीच्या लग्नाला नांदेडला येते आहे. साहेबांनी तिच्यासोबत आपल्यासाठी शाल पाठवली आहे आणि रविवारी सकाळी ती आपल्या दर्शनाला येईल. कृपा करून अर्धा तास पोलादातले जाणकार व्हावं. तिने काहीही विचारलं तरी “चाक बघून ठरवावं लागतं” एवढंच म्हणावं. हे उत्तर कुठेही चालतं. व्याकरणाकडे वळू नये.

ता. क. दुसरा (गुरुवार). वरचा ता. क. रद्द समजावा. काल दुपारी मी हे पत्र रेणूच्याच हातात दिलं. तोंडाने सांगवेना म्हणून दिलं. मराठी वाचायची तिला सवय नाही. अक्षरावर बोट ठेवत तिने पाऊण तास घेतला. तेवढ्या वेळात मी एक झालेला पंच उगीचच पुसत राहिलो. मध्ये एकदा तिने विचारलं, “फजिती म्हणजे?” मी सांगितलं. वाचून झाल्यावर तिने पत्राची घडी घातली. मग म्हणाली, “शाल मला नक्को काका. सोमवारी साहेबांना माझं नाव सांगा. तुम्हीच सांगा.” आणि पत्र मीच नेऊन देते म्हणाली, टपालाच्या तिकिटाचा खर्च कशाला.

ता. क. तिसरा. तेव्हा खरी विनंती अशी: साहेबांपुढे सोमवारी बोलायला मला चार वाक्यं लिहून रेणूबरोबर पाठवावीत. हिंदी मी करून घेईन. त्यात ‘चोरी’ हा शब्द टाळता आला तर पाहावं.

दाजी काका नमसकार. मी रेणू. तो शब्द टाळु नका.