डावं माझ्याकडे

४ नोव्हेंबर
आलो एकदाचे बुरहानपूरला. शनवारा भागात वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या, खिडकीत सकाळचं ऊन. घरमालक लीलाधरभाऊंनी सामान चढवायला मदत केली आणि गरम मावा जिलेबीचा पुडा आणून ठेवला. येताना पाटीवर मला नुसतं ‘वारा’ दिसलं. मान डावीकडे वळवल्यावर ‘शन’ सापडलं. यमुना हसली, मीही हसलो. मार्चमधल्या झटक्यानंतर इतकं मोकळं पहिल्यांदाच वाटलं. हातपाय परतले, बोलणं परतलं. दोन्ही डोळ्यांच्या नजरेतली डावी बाजू तेवढी परतली नाही. तिथे अंधार असतो असं लोकांना वाटतं. तसं नाही. पाठीमागचं जसं दिसत नाही, तसं ते दिसत नाही.

७ नोव्हेंबर
माझी शाळा जसोंडी गावात. आपे रिक्षा भरल्याशिवाय सुटत नाही, रोज उशीर होतो. गाडी चालवायची नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं आणि मी मान डोलावली होती. पण नजरेचं शाळेत कळलं तर नोकरी राहील का? शेवटी यमुनाने तोड काढली. स्कूटरवर ती मागे बसणार. दोन्ही पाय डावीकडे सोडून बसल्यामुळे तिचं तोंड नेमकं माझ्या हरवलेल्या बाजूला असतं. डावीकडे कोणी असलं की डाव्या खांद्यावर चापट. चापट बसली की मी हळू.
“अहो, उजवं तुमच्याकडे, डावं माझ्याकडे,” ती म्हणाली. “वीस वर्षांनी का होईना, वाटणी तर झाली.”
शाळा सुटेपर्यंत ती खिचडी शिजवणाऱ्या भागाबाईंजवळ बसते.

१३ नोव्हेंबर
जमतंय. केळीचे ट्रक, सायकली, शेळ्या, सगळ्यांची चापट. भागाबाई यमुनाला म्हणाल्या म्हणे, सरांना धाकात ठेवलंय तू. रात्री जेवताना ताटातली डावीकडची भाजी तशीच राहिली. यमुनाने ताट फिरवलं. मी तिच्या डोळ्यांनी गाडी चालवतो असं स्वतःला सांगतो. की तिच्या जिवावर चालवतो? समोरून येणाऱ्या माणसाला हे कुठे ठाऊक असतं?

१८ नोव्हेंबर
यमुनाला ताप. एकटा गेलो, जायला नको होतं. केळीच्या बागेपाशी डाव्या खांद्यावर चापट बसली. थांबलो. पूर्ण मान वळवून पाहिलं. कोणी नव्हतं. मागची सीट रिकामी. परतताना पुन्हा तेच.
मेंदू रिकामी जागा आपल्याजवळच्या मालाने भरतो, असं डॉक्टर म्हणाले होते. ते नजरेबद्दल होतं. खांद्याबद्दलही खरं असेल का?

२० नोव्हेंबर
यमुना मागे होती. चापट बसली, हळू केलं. हळू का केलंत, तिने विचारलं. तिने हातच लावला नव्हता.
घरी आल्यावर तीच म्हणाली, सोमवारपासून गाडी बंद, नोकरी गेली तर जाऊ दे. हा आठवडा तेवढा काढायचा.

२२ नोव्हेंबर
शाळेच्या ओसरीवर लिहितोय. क्रमाने लिहिलं तर काही सापडेल.
शाळा सुटल्यावर दोघं निघालो. बागेपाशी ट्रक अंगावर आला, मी गाडी डावीकडे दाबली, पानं घासली. नंतर घरापर्यंत चापटा बसत होत्या. बास, कळलं, असं मी म्हणालोही. दारात थांबून म्हणालो, उतर.
लीलाधरभाऊ पायरीवर उभे होते.
“सर, वहिनींना कुठे सोडलं? पीछे तर कोणी नाही.”
तिला फोन लावला, तो माझ्याच पिशवीत वाजला. भाऊ त्यांच्या गाडीची किल्ली आणायला आत गेले. मी थांबलो नाही, स्कूटर वळवली.
परत जाताना बागेची ती बाजू उजवीकडे येते. उजवं मला दिसतं. सगळं पाहिलं. मोडलेली पानं. तिची एक चप्पल. ती नाही. शाळेत परत आली असेल म्हणून इथवर आलो. भागाबाई नाही म्हणाल्या. भाऊंना फोन केला. तिथेच बसा, मी रस्ता पाहत येतो, म्हणाले.

म्हणजे ती उठली. चालली. कुठे गेली? मी शोधायला येणार हे तिला ठाऊक. कुठल्या बाजूने येणार हेही. रस्ता ओलांडून पलीकडे — मला अडवायला — माझ्या डाव्या —

पण तिला तर माहीत आहे, डावीकडचं मला — घाबरल्यावर कुणाला आठवतं —

इकडे येताना, चप्पल दिसायच्या थोडं आधी, खांद्यावर चापट बसली होती. जोरात. मागे कोणी नव्हतं, म्हणून खोटी धरली. लगेच हँडलला हिसका. खड्डा समजलो. मी उजवीकडेच पाहत —

हात वर करून उभी असेल तर —

फोन वाजतोय. भाऊंचाच. त्यांना ती कुठल्या बाजूला —