माझे काळे दात उत्कर्षाच्या स्वाधीन

मी रंगुबाई दिनकर पवार, वय ब्याऐंशी, राहणार कुंडल, तालुका पलूस, जिल्हा सांगली. डोके जाग्यावर आहे, कुणाची भीड नाही की धाक नाही. माझ्यामागे काय करायचे ते लिहून देते. यशराज मास्तरांनी उतरवून घेतले, बोल माझे.

१. ओढ्याकडचे उसाचे रान आणि राहते घर मुलगा लालासाहेब याला. अट काही नाही. तोंडाने फटकळ आहे, पण मला सांभाळले.

२. बोरमाळ सूनबाईला. नातवाच्या लग्नात फोटो काढताना ती म्हणाली, "आत्याबाई, तेवढं तोंड मिटा." मला लय लागले होते. तरी माळ तिलाच शोभते.

३. माझे समोरचे दात नात उत्कर्षा हिला. लग्नानंतर सासूने दातवण लावायला शिकवले. हिरडा आणि हिराकशीची काळी पूड असते ती. उत्कर्षा जुन्या हाडांचा अभ्यास करते. उत्खननात एका फार जुन्या काळच्या बाईची कवटी निघाली, समोरचे दात काळे. तिचे साहेब म्हणतात, मातीचा डाग. ही म्हणते, मुद्दाम रंगवलेत. बॅटरी लावून तिने माझे तोंड पाहिले. माझेही समोरचेच काळे, दाढा नाहीत, कारण तिथवर बोट जात नाही. "आजी, मातीनं दाढा सोडल्या असत्या का गं?" म्हणाली. ताडून बघायला तिला माझे दात हवेत.

लालासाहेबाला हे पटत नाही. "आई, मेल्यावर तुझं दात उपटायचं? लोकं तोंडात शेण घालतील माझ्या." घालू देत. बाळा, अग्नी तूच दे. त्याआधी डॉक्टरांना तेवढे दात काढू दे, आडवा येऊ नकोस. याबाबत उत्कर्षाचा शब्द शेवटचा.

४. उत्कर्षा, 'काळे दात ही सवाष्णीची खूण' असे तू लिहिले आहेस, ते खोड. एकाहत्तरच्या लढाईत तुझे आजोबा गेले. बायकांनी माझे कुंकू पुसले, बांगड्या फोडल्या, डोरले काढले. दातांचे काळे निघेना. सासू म्हणाली, "जाईल आपसूक." मी जाऊ दिले नाही. आधी दार लावून दातवण लावायची, सासू गेल्यावर उंबऱ्यात बसून. त्या कवटीतल्या बाईचे तुझे तू बघ. माझ्या दातांखाली एवढे लिही: ही बाई पन्नासावर वर्षे विधवा होती. दातवण लावायची, कारण तिला ते आवडायचे.

वाचून घेतले, बरोबर आहे.

सही: रंगुबाई दिनकर पवार
साक्षीदार: तात्याबा शिंदे, शेजारी, राजमती चौगुले, मैत्रीण
कुंडल, ३ डिसेंबर २०२४